जमीन कोणाच्या बाजूने लढते?

दिवाळीची सुट्टी संपवून मुले शाळेत परतली की त्यांच्या गप्पांत दोन प्रकारचे किल्ले असतात. एक अंगणात दगड-माती रचून केलेला, अळीव पेरून हिरवा केलेला. दुसरा संगणकाच्या नाहीतर मोबाइलच्या पडद्यावर लढून जिंकलेला. डिंभे धरणाच्या परिसरात शिकवताना या दोन्ही किल्ल्यांच्या हकिकती मी ऐकत आलो आहे. एकदा नववीतल्या एका मुलाने सांगूनच टाकले, “सर, मातीचा किल्ला नुसता बघायचा. गेममध्ये डोंगर, झाडं, नदी सगळं खरं असतं.”

‘खरं’ म्हणजे काय, हे त्याला विचारायचे राहून गेले. प्रश्न मात्र सोडण्यासारखा नाही. आपल्या वर्गातली बरीच मुले युद्ध आणि भूगोल यांचा संबंध आज पाठ्यपुस्तकापेक्षा या खेळांतून शिकत आहेत. तेव्हा काही प्रसिद्ध संगणकीय युद्धखेळ आपण एकाच कसोटीवर घासून पाहू. त्यांतली जमीन दिसायला खरी आहे, की वागायलाही खरी आहे? कसोटीसाठी जमीन मात्र आपली घेऊ : जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेचा सह्याद्री.

पटावर डोंगर कसा आला

बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नसतो. चौसष्ट घरे सारखीच. हत्ती कोणत्याही घरात गेला तरी दमत नाही आणि घोड्याला चिखल लागत नाही. हा दोष काढण्याचा एक प्रयत्न जर्मनीतल्या ब्रुन्सविक येथे हेल्विग यांनी १७८० मध्ये केला. त्यांनी पट खूप मोठा केला आणि घरांना रंग देऊन डोंगर, पाणी, दलदल दाखवली. पुढे प्रशियात फॉन राइसविट्झ पिता-पुत्रांनी चौकोनी घरेच काढून टाकली. वडिलांनी १८१२ मध्ये भूरूपाचे ठोकळे मांडून खेळ तयार केला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम बांधले आणि खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला.

या खेळात दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये एक पंच असे. खेळाडूंनी हुकूम द्यायचे. ते किती वेळात पार पडतील आणि शत्रू कोणाला दिसेल, हे पंच ठरवी. जे सैन्य दिसण्यासारखे नसेल, त्याचा ठोकळा नकाशावर ठेवलाच जात नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

षटकोनी घरे त्यानंतर आली. चार्ल्स रॉबर्ट्स यांच्या अमेरिकेतील अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९६१ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईवरील आपल्या खेळात ती वापरली. कारण भूमितीचे आहे आणि मुलांना कागदावर करून दाखवता येते. चौकोनी घरांत तिरके गेले तर मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सरळ जाण्याच्या १.४१ पट भरते, म्हणजे तिरके चालणारा फुकटात पुढे जातो. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात.

चार खेळ, चार जमिनी

‘पँझर जनरल’ (१९९४) हा संगणकावरचा षटकोनी घरांचा खेळ दिसायला साधा आहे. डोंगर म्हणजे एक चित्र, जंगल म्हणजे दुसरे. पण त्याची जमीन वागते बरी. मोकळ्या मैदानात रणगाडा आधी मारा करतो आणि पायदळाचा धुव्वा उडवतो. तोच रणगाडा जंगलात, डोंगरात किंवा शहरात शिरला की त्याचा हा फायदा आखडतो आणि दबा धरून बसलेले पायदळ त्याला भारी पडू शकते. पाऊस-बर्फाने जमिनीची अवस्थाही बदलते. खेळणारा दोन-चार वेळा मार खाऊन शिकतो की रणगाडा गल्लीत घालायचा नाही. तोटा योग्य कारणाने झाला, म्हणजे शिकणे खरे झाले.

‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग (१९९९) मुलांना जास्त ठाऊक असतो. त्यात उंचावरून खालच्यावर केलेला वार पंचवीस टक्के जास्त लागतो आणि खालून वर केलेला पंचवीस टक्के कमी. ‘उंची मोक्याची’ एवढे यातून कळते. पण टेकाड लहान असो की मोठे, टक्केवारी तीच. उंची म्हणजे जणू शिपायाला पाजलेले औषध. प्रत्यक्षात उंचीचा फायदा तीन निरनिराळ्या गोष्टींतून मिळतो. वरच्याला लांबचे दिसते. त्याचा बाण किंवा दगड खाली येताना वेग घेतो. चढून येणारा मात्र दमलेला असतो. वरचा माणूस धुक्यात असेल तर पहिला फायदा जातो, दारूगोळा भिजला असेल तर दुसरा जातो, आणि चढणारा रात्रीच येऊन सकाळपर्यंत विसावला असेल तर तिसराही जातो. एकाच टक्केवारीत हे तिन्ही गुंडाळले की ‘का’ हा प्रश्नच विझून जातो.

‘कॉम्बॅट मिशन’ (२०००) या खेळाने ‘दिसणे’ गंभीरपणे घेतले. दोन्ही बाजू आपापले हुकूम देतात आणि मग एक मिनिटाची लढाई दोघांसाठी एकाच वेळी घडते. कोणता शिपाई कोणाला पाहू शकतो, हे संगणक दृष्टिरेषा काढून ठरवतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून लक्ष्यापर्यंत सरळ रेषा ओढायची आणि वाटेतली जमीन कुठे त्या रेषेच्या वर डोके काढते का, ते तपासायचे. समोच्चता रेषांवरून छेद काढताना आपण मुलांकडून हेच करून घेतो. इथे जमीन वार वाढवत नाही, ती माहिती अडवते. माझ्या मते चौघांत हा खेळ सर्वांत प्रामाणिक आहे.

‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) मध्ये अठराव्या शतकातले मराठे आहेत, म्हणून आपली मुले तो आवडीने खेळतात. चित्रे देखणी आहेत. चढावर धावणारे सैनिक लवकर थकतात, झाडीत तुकडी लपवता येते. पण नेहमीची मैदानी लढाई सुरू होताना दोन्ही सैन्ये एकमेकांसमोर मांडली जातात आणि खेळणारा घारीसारखा वरून सगळे रान पाहतो. नाव मराठ्यांचे, पण लढाईची रीत युरोपातल्या मैदानाची. चौघांत सर्वांत देखणा असलेला हा खेळ आपल्या कसोटीवर सर्वांत आधी अडखळतो.

पायऱ्यांचा डोंगर आणि तीस मीटरचा चौकोन

कोणी म्हणेल, भूरूप अधिक बारकाईने घेतले की झाले. आता तर त्याची सोयही आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. तिच्यातून सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकोनांचे जाळे मिळाले, प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा. हे आकडे घालून सह्याद्री पडद्यावर उभा करता येतो. पण तो कसा उभा राहील?

आपला डोंगर लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. उभा कातळ, मग सपाट पट्टी, पुन्हा उभा कातळ. अशा उतारावर पंधरा मीटरचा ताशीव कडा आणि त्याखालची पंधरा मीटरची सपाटी एकाच चौकोनात पडली, तर सरासरीने तिथे पंचेचाळीस अंशांचा सरळ चढ दिसतो. संगणकाला वाटते, कष्टाने का होईना, माणूस चढेल. प्रत्यक्षात कड्यावर माकडही विचार करेल आणि सपाटीवर गुरे चरत असतील.

उलटीही चूक होते. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर कातळात एक चिंचोळी नाळ आहे. सातवाहनांच्या काळापासून व्यापारी बैल तिच्यातून गेले. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून तिथे आहे, आणि गुहेत नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे. ती नाळ काही पावलांचीच रुंद आहे. तीस मीटरच्या चौकोनात ती मावून नाहीशी होते, फार तर कड्याला एक खळगी दिसते. ज्या फटीने दोन हजार वर्षे व्यापार आणि फौजा यांचा रस्ता ठरवला, तीच पडद्यावर नाही. ‘कॉम्बॅट मिशन’च्या जमिनीचे चौकोन वीस मीटरचे होते. त्यालाही ही नाळ पकडता आली नसती.

जमीन बदलते, हा तिसरा मुद्दा. डिंभे धरणाच्या भिंतीवर उभे राहून पश्चिमेला पाहिले की हुतात्मा बाबू गेनू जलाशयाचे पाणी पसरलेले दिसते. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली आहे. धरणाआधीच्या नकाशात तिथे गाव, शिवार आणि घोडनदीकाठची वाट आहे. तो नकाशा घेऊन कोणी खेळ मांडला तर सबंध फौज पाण्यात चालत जाईल. नवा नकाशाही एका तारखेचाच असतो, कारण पावसाळ्यात भरलेल्या जलाशयाचा काठ मे महिन्यात बराच मागे सरकतो. डोंगरावरची कारवी पावसाळ्यात गच्च असते, माणूस चार हातांवर दिसत नाही. उन्हाळ्यात तिच्या नुसत्या काड्या उरतात. बहुतेक खेळांत जंगल बारा महिने एकच. आपल्याकडे पावसाळ्यात फौजा छावणीला बसत आणि मोहिमा दसऱ्याच्या शिलंगणानंतर निघत, हे पंचांग जमिनीनेच लिहिलेले होते.

दहा तुकड्यांचे गणित

तरीही बारीकसारीक चित्रण हा माझा मुख्य आग्रह नाही. कोणतेही प्रतिमान काहीतरी गाळतेच, नकाशाही गाळतो. प्रश्न असा की जमीन लढाईचा निकाल कोणत्या मार्गाने बदलते, तो मार्ग खेळात आहे का? यासाठी एक गणित पाहू. ते अकरावी-बारावीच्या मुलांना सहज झेपते.

ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लढाईचा एक नियम मांडला. मोकळ्या मैदानात प्रत्येक जण प्रत्येकावर मारा करू शकत असेल, तर सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, शिपाई सारख्याच कसबाचे आहेत. एका बाजूला ३००० आणि दुसऱ्या बाजूला १०००. वर्ग केले तर ९० लाख आणि १० लाख. वजाबाकी ८० लाख, तिचे वर्गमूळ सुमारे २८२८. म्हणजे लहान सैन्य पूर्ण संपेल आणि मोठ्याचे फक्त १७२ जण पडतील.

आता तेच ३००० जण खिंडीत घाला. एकामागे एक, दोन-दोन मीटरवर चालले तर रांग ६ किलोमीटरची होते. ताशी ३ किलोमीटरने चालताना शेपूट डोक्याच्या जागी पोचायला दोन तास लागतात. वळणे, झाडी आणि कातळ यांमुळे रांगेचे ३००-३०० चे दहा तुकडे पडले आणि एकाला दुसऱ्याची मदत मिळेनाशी झाली, असे धरा. ३०० चा वर्ग ९० हजार. दहा तुकड्यांचे मिळून ९ लाख. समोरच्या हजारांचा वर्ग १० लाख, म्हणजे हजारच भारी! गणिताप्रमाणे त्यांचे ३१६ जण शिल्लक राहतील. कोणाच्याही तलवारीला टक्केवारीचे औषध लागले नाही. जमिनीने फक्त मोठ्या फौजेचे तुकडे केले.

खरी माणसे शेवटच्या शिपायापर्यंत लढत नाहीत, त्यामुळे या आकड्यांना भाकीत समजू नये. पण दिशा खरी आहे. डोंगरातल्या लढाईला आपण ‘गनिमी कावा’ म्हणतो आणि वर्गात तो शब्द चातुर्याचा किंवा शौर्याचा पर्याय म्हणून सांगून मोकळे होतो. त्यात हे वर्गमूळही आहे, हे सांगायचे राहते.

उंबरखिंडीत काय नव्हते

याच सह्याद्रीच्या रांगेत, आपल्या दक्षिणेला, याचे लख्ख उदाहरण आहे. शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन असताना त्याने कारतलबखानाला कोकणात धाडले. १६६१ च्या फेब्रुवारीत ही फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि आजच्या खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत सापडली. दोन्ही बाजूंच्या रानात मराठे गुपचूप बसले होते. पुढची आणि मागची वाट रोखली गेली. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या काव्यात या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे. कोंडलेल्या सैन्याला वारा नव्हता, पाणी नव्हते. रायबागन या खानाबरोबरच्या स्त्री सरदाराने शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी भरून फौज सुटली.

या लढाईचा खेळ करायचा तर काय लागेल? चढ-उतार, झाडी आणि दृष्टिरेषा लागतील. त्या आजचे खेळ देऊ शकतात. तहानही मोजता येईल. ‘नेपोलियन : टोटल वॉर’मध्ये (२०१०) थंडीने आणि वाळवंटाने सैन्य झिजते, तसेच. पण एक गोष्ट सहजासहजी देता येत नाही. खेळणारा कारतलबखान पडद्यावर खिंड बघेल आणि त्या वाटेने जाणारच नाही! खऱ्या खानापुढे असा पडदा नव्हता. त्याच्या लेखी तो कोकणात उतरणारा एक रस्ता होता. मराठ्यांच्या लेखी मात्र त्यात झरे होते, आडवाटा होत्या, बसायच्या जागा होत्या. जमीन एकच होती, पण दोन फौजा दोन वेगळ्या जमिनींवर चालत होत्या.

माझी तक्रार नेमकी हीच आहे. संगणकीय खेळ शत्रू झाकतात, जमीन झाकत नाहीत. काही खेळांत सुरुवातीला नकाशा काळा असतो, पण एक घोडेस्वार फिरवून आणला की तो कायमचा उजळतो. जमिनीचे ज्ञान इतके स्वस्त कधीच नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या चालण्यातून येते आणि माणसांत राहते. १८२४ च्या कागदी खेळात निदान पंच होता, जो ‘हे तुला दिसणार नाही’ असे म्हणू शकत होता. पडद्याच्या सोयीत आपण त्याला निम्मा निवृत्त केला.

याचा अर्थ जमीन मराठ्यांची पक्षपाती होती, असा करू नये. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांची माणसे रात्री दोरीच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावरून आत उतरली आणि शहर लुटून गेली; तिथे जाणकारी कामी आली. पण त्याच जुन्नरच्या डोक्यावरचा शिवनेरी, त्यांचे जन्मस्थान, त्यांच्या हयातीत स्वराज्यात परत आला नाही. ताशीव कडा आत बसलेल्याला सांभाळतो, तो कोणाचा आहे हे विचारत नाही. जाणकारी असूनही जमीन हरवू शकते, हेही चांगल्या खेळात दिसले पाहिजे.

पंचाची खुर्ची शिक्षकाला

मुलांचे खेळ बंद करा, असे मी म्हणणार नाही. त्याऐवजी पंचाची रिकामी खुर्ची आपण घेऊ या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्या. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. दोन गट दोन खोल्यांत बसवा, प्रत्येकाला नकाशाची एक प्रत द्या. हुकूम चिठ्ठीवर घ्या. चाल ठरवायला स्कॉटलंडचे गिर्यारोहक नाइस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा पुरतो : सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटे जादा. नाणेघाटासारखा सहाशे मीटरचा चढ आणि पाच किलोमीटरची वाट धरली तर दोन तास होतात. ओझ्याच्या बैलांसाठी वेळ वाढवा. दिसते की नाही, हे मुलांनीच छेद काढून सिद्ध करावे. मग जे दिसेल तेवढेच त्यांना सांगा.

हा खेळ मी एकदा वर्गात मांडला होता. संगणकावर पटाईत असलेली मुले भराभर फौजा हलवत होती. जलाशयाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून येणारा मुलगा बराच वेळ नकाशा बघत गप्प बसला होता. शेवटी त्याने विचारले, “सर, ह्या वाटंला पाणी कुठंय?” माझ्या नियमांत पाणीच नव्हते. त्या मुलाने संगणकावरचा एकही युद्धखेळ खेळलेला नव्हता, पण कारतलबखानाने विचारायला हवा होता तो प्रश्न त्याने विचारला. उन्हाळ्यात कोणता झरा टिकतो, हे त्याला घरातून ठाऊक होते. आपल्या शाळेत या ज्ञानाला गुण नाहीत, आणि खेळातही नाहीत.

तेव्हापासून मी एक नियम वाढवला आहे. खेळ सुरू करण्याआधी प्रत्येक गटाने त्या भागात गुरे वळलेल्या किंवा घाटवाटेने बाजाराला गेलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाला भेटायचे. तो जे सांगेल ते नकाशावर पेन्सिलीने मांडायचे. ज्या गटाने नीट विचारले, त्याच्या नकाशात झरे असतात आणि दुसऱ्याच्या नसतात. मुकाबला इथूनच सुरू होतो.

पुढच्या दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला झाला की मुलांना एवढेच विचारून पाहा : या किल्ल्यावर पाणी कुठे आहे, आणि ते कोणाला माहीत आहे?